तीनदा ओढलेलं कुलूप

आमच्या फ्लॅटच्या दाराला लॅच आहे. दार ओढून घेतलं की 'खट्' आवाज होतो आणि विषय संपतो. तरीही किल्ली खिशात टाकल्यावर मी मूठ धरून दार तीनदा ढकलून बघतो. दोनदा नाही, चारदा नाही. लिफ्टचं दार अडवून उभी असलेली बायको म्हणते, "झाली का आरती?"

ही आरती वडिलोपार्जित आहे. साताऱ्याच्या घराला कडीकोयंडा होता आणि त्यात पितळी नवताल कुलूप. गावाला निघताना बाबा ते लावायचे, किल्ली पाकिटात ठेवायचे आणि कुलूप धरून तीन हिसके द्यायचे. मग सगळे पिशव्या घेऊन रिक्षापाशी पोचलो की "थांबा हं जरा" म्हणून परत जायचे आणि आणखी तीन हिसके. आईला धास्ती एसटी चुकण्याची, बाबांना कुलपाची. असं कर म्हणून मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. पण इतक्या वर्षांनी लॅचच्या दारापुढे माझा हात तेच करतो. लॅचला ढकलून काही होत नाही हे मला कळतं, हाताला कळत नाही.

मूळ शोधावं म्हणून एकदा बाबांना विचारलं, "तीनदाच का?" ते म्हणाले, "नाना तसं करायचा, त्याचं बघून लागली सवय." नाना म्हणजे माझे धाकटे काका. त्यांना फोन लावला तर ते म्हणाले, "मी? अरे, मी तर दादाचं बघून शिकलो!" चौकशी तिथेच बंद झाली.

मला थोडा धीर दिला तो चिंपांझींनी. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन या दोघांचा 2005 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. एका पेटीत बक्षीस ठेवलेलं. माणूस काठी घेऊन आधी पेटीच्या वरच्या भोकात खुपसतो, मग पुढचं दार उघडून बक्षीस काढतो. पेटी काळी असताना युगांडातल्या एन्गाम्बा बेटावरच्या पिल्लांनी सगळं जसंच्या तसं केलं. मग तीच पेटी पारदर्शक करून आणली. आता दिसत होतं की वरच्या भोकातली काठी मध्येच एका फळीवर आपटते, बक्षिसाशी तिचा काही संबंध नाही. चिंपांझींनी वरचा खटाटोप सोडला आणि सरळ दाराला हात घातला. तीन-चार वर्षांची माणसाची पोरं मात्र पारदर्शक पेटीवरही वर काठी आपटत राहिली. येल विद्यापीठात 2007 साली तर मुलांना आधी बजावलं होतं की उगाचच्या गोष्टी करू नका. तरी त्यांनी केल्याच. म्हणजे लॅचसमोर चिंपांझी असता तर एव्हाना लिफ्टमध्ये असता.

यात माणूस बावळट ठरतो असं वाटेल. मलाही वाटलं होतं, भाकरी शिकायला बसेपर्यंत.

लॉकडाउनमध्ये मी ज्वारीची भाकरी करायचं मनावर घेतलं. व्हिडिओतल्या बाई सगळं नीट सांगत होत्या, माझ्या भाकरीच्या कडा मात्र उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगाळत होत्या. शेवटी आईशेजारी ओट्यापाशी उभा राहिलो. ती काही सांगेना. "बघ की," एवढंच. मी बघत गेलो. पीठ गरम पाण्यात भिजवायचं. एका भाकरीपुरताच गोळा घ्यायचा आणि मनगटाजवळच्या भागानं रगडून रगडून मळायचा. परातीत पीठ भुरभुरून थापताना भाकरी बोटांखाली आपली आपण फिरली पाहिजे. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावरून लगेच पाण्याचा हात. पाणी सुकत आलं की उलटायची. मग तवा उतरवून आचेवर, आणि ती टम्म.

यातलं काय लागतं आणि काय नुसती आईची लकब, हे ठरवायला मी कोण? माझ्यासाठी ती पेटी काळीच होती. म्हणून मी सगळंच उचललं. पंधरा दिवसांनी भाकरी फुगली. त्याच दिवशी बायकोच्या लक्षात आलं की थापता थापता मी दर थोड्या वेळानं उजवं मनगट झटकतो. आई हातावर ओघळलेल्या बांगड्या मागे सारते, तसं. मी बांगड्या भरत नाही. मनगट न झटकताही करून पाहिली. फुगते. तरी झटकतोच.

आपल्याकडे म्हण आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. वापरतात ती नेहमी तक्रारीच्या सुरात, पोरगं टपरीवर उभं राहायला लागलं की. पण नवखा बैल शेतकरी मुरलेल्या बैलाच्याच जोडीला जुंपतो, आणि तास धरून चालायला तो तिथेच शिकतो, हे म्हणीत आलेलं नाही. पवळ्याची बाजू कुणी मांडलीच नाही.

मुंबईत नोकरीला आलो तेव्हा मी असाच एक पवळा होतो, डोंबिवली ते दादर. लोकलमध्ये कसं वागायचं हे कुठल्या फलकावर लिहिलेलं नसतं. माझ्या पुढ्यात चढणाऱ्या एका गृहस्थांना मी गुरू केलं, त्यांना न कळवता. ते सॅक पोटावर घेत, मीही घेतली. बसलेल्यांना ते हळूच विचारत, "कुठं उतरणार?" आणि ठाणे म्हणणाऱ्यासमोर ठाण मांडत. चौथी सीट मागायला शब्द लागत नाहीत, बाकाशेजारी उभं राहून मान जराशी हलवली की तिघंही कुरकुरत सरकतात, हे त्यांच्याकडूनच कळलं. सकाळी डब्यात पाऊल टाकताना ते दाराच्या दांड्याला हात लावून कपाळाला लावत. मी काही फार देवभोळा नाही. पण दुसऱ्या आठवड्यात माझाही हात कपाळाकडे गेलेला होता. सॅक आणि नमस्कार एकाच गाठोड्यात आले, तिथं निवडत कुठे बसणार?

जपानमधल्या कोशिमा बेटावर 1953 साली इमो नावाच्या दीडेक वर्षांच्या माकडिणीनं वाळूनं माखलेलं रताळं पाण्यात धुऊन खाल्लं. तिचं बघून तिच्या सवंगड्यांनी धुतलं, तिच्या आईनंही. वयस्क नर मात्र वाळूसकटच खात राहिले. वाचताना मला आमच्या खानदानातले बरेच पुरुष आठवले.

बाबांनी मात्र या वयात रताळं धुतलं. फोनवरून पैसे द्यायला ते माझ्या लेकीकडून शिकले. मी दोनदा समजावून पाहिलं होतं, पण "तू फार भराभर बोलतोस" म्हणून मला बाद केलं. नातीबरोबर चार दिवस बाजारात हिंडले आणि पाचव्या दिवशी एकटे जाऊन कोथिंबीर घेऊन आले. त्यांच्यासोबत गेलो तेव्हा पाहिलं, कोड स्कॅन करण्याआधी ते शर्टाच्या टोकानं फोनचा कॅमेरा अगदी निगुतीनं पुसतात. त्या चार दिवसांत कधीतरी लेकीच्या फोनला कुल्फी लागली होती, ती तिनं पुसली. बाबांच्या फोनला कुल्फी कधीच लागलेली नाही.

परवा नानाकाका आले होते. कोपऱ्यावर शहाळं प्यायलो, पैसे मीच देणार म्हणून त्यांनी हट्टानं फोन काढला, आणि आधी शर्टाच्या टोकानं कॅमेरा पुसला.

"काका, हे कशाला?"

"पुसावा लागतो," ते म्हणाले. "दादा पुसतो."