माझ्याच हस्ताक्षरातला कागद

जुलैतल्या एका मुसळधार पावसाच्या सकाळी, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या तपासणीच्या खोलीत शिवाजी पेठेतून आलेल्या एका आईने मुलीचा रेनकोट काढून दाराला अडकवला आणि काही बोलण्याआधी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कागद माझाच होता, दोन वर्षांपूर्वीचा. "मुलगी हुशार व आज्ञाधारक आहे. लक्ष देण्यात अडचण आढळली नाही. वयानुसार सुधारणा अपेक्षित." खाली माझी सही. "दोन वर्षं वाट बघितलो की मॅडम," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळेच मला उत्तर सुचेना.

सात वर्षांची असताना ही मुलगी माझ्यासमोर पाऊण तास शांतपणे बसली होती, ठोकळ्यांची चाचणी तिने उत्तम सोडवली होती आणि तेवढ्यावरून मी निष्कर्ष काढला होता. चूक नेमकी तिथेच झाली. नवी जागा, समोर एकच माणूस, दर मिनिटाला नवे काम आणि लगेच मिळणारी शाबासकी, अशा परिस्थितीत एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यात अडचण, अतिचंचलता किंवा दोन्ही असणारा विकार, असलेल्या मुलाची लक्षणे जवळजवळ दिसेनाशी होऊ शकतात, हे मी शिकले होते आणि तरीही विसरले होते. निदानासाठी लक्षणे किमान 6 महिने टिकलेली असावी लागतात, त्यांतली काही वयाच्या 12 वर्षांआधी दिसलेली असावी लागतात आणि ती घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळावी लागतात. मी मात्र शाळेकडून एक ओळसुद्धा मागवली नव्हती. शिवाय आपल्याकडे या विकाराला सरसकट 'अतिचंचलता' म्हणतात आणि हा शब्दच अनेकदा घात करतो. या मुलीत चंचलता नावालाही नव्हती. तिची अडचण होती ती निव्वळ अवधानाची, आणि मुलींच्या बाबतीत नेमका हाच प्रकार वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्याचा वर्गाला काही त्रास होत नाही.

या वेळी मी आई आणि वर्गशिक्षिका या दोघींकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि त्याच आठवड्यात, परवानगी काढून, चौथीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. घड्याळ समोर ठेवून दर अर्ध्या मिनिटाला मी दोन खुणा करत होते, एक तिच्यासाठी आणि एक तिच्या शेजारणीसाठी. वीस मिनिटांत शेजारीण चाळीसपैकी तेहेतीस वेळा कामात होती; ही अकरा वेळा. उरलेला वेळ ती वेणीच्या रिबिनीच्या उसवलेल्या टोकातून एकेक धागा ओढून कंपासपेटीत ओळीने मांडत होती. तास संपल्यावर वही पाहिली, तर पहिली तीन गणिते बिनचूक होती, चौथ्यात अधिकचे चिन्ह असून वजाबाकी केली होती आणि पाचव्याचे आकडे उतरवून पुढे जागा कोरी होती. त्याखाली बाईंनी लाल शाईने 'निष्काळजी' असे लिहिले होते.

डोळे व कान तपासून झाले. अशी हरवलेली नजर कधीकधी फिट्सच्या एका सौम्य दिसणाऱ्या प्रकारातही आढळते, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी मेंदूचा आलेखही काढून घेतला. तो स्वच्छ आला. अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीची, चाचणी केली, त्यातही काही निघाले नाही. वडील चपलांच्या कारखान्यात वेणी घालण्याचे काम करतात. त्यांचा मुद्दा असा होता, की पोरगी त्यांच्याशेजारी बसून दोन-दोन तास चामड्याच्या पट्ट्या विणते, मग तिचे लक्ष नाही असे कसे म्हणायचे? मुद्दा खरा होता. या मुलांकडे लक्ष नसते असे नाही. ते हवे तिथे नेणे आणि कंटाळवाण्या कामावर टिकवणे त्यांना जमत नाही. हे वडिलांना गोळीच्या गरजेपेक्षा लवकर पटले. औषधाचा निर्णय त्यांनी बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन, वजन, उंची, नाडी व रक्तदाब तपासून झाल्यावर, सवडीने घेतला आणि तो योग्यच होता.

खरी अडचण शाळेची निघाली. मुख्याध्यापिकांनी मला चहा दिला, वर्गात छप्पन्न मुले असल्याचे सांगितले आणि "हिच्यासाठी वेगळी शाळा बघितलेली बरी," असे अगदी सौजन्याने सुचवले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे प्रमाणपत्र दाखवून सवलत मागण्याची सोयही आमच्यापाशी नव्हती. आई दोन खासगी शाळांत जाऊन आली. दोन्हीकडे 'एडीएचडी' हा शब्द उच्चारताच जागा भरल्या.

शेवटी घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत गेलो. मला फारशी आशा नव्हती, हे कबूल केले पाहिजे. चौथीच्या वर्गात तेवीस मुले होती आणि तिथल्या गुरुजींनी माझा अहवाल उघडण्याआधी मुलीशीच दहा मिनिटे गप्पा मारल्या. दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातले कलम त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. मुलगी सोमवारपासून वर्गात बसली. मी सुचवलेल्या गोष्टींपैकी निम्म्या ते आधीपासून करत होते: एका वेळी एकच सूचना, खिडकीपासून लांब पुढचे बाक, पान दुमडून चार-चार गणिते, आणि मध्ये उठायला मिळावे म्हणून वह्या वाटण्याचे काम. मधली सुट्टी शिक्षा म्हणून कधीही कापायची नाही, एवढे मी आवर्जून सांगितले. रोजच्या डायरीत तीन चौकटी आखल्या, ज्यांवर शाळेत गुरुजी आणि संध्याकाळी आई सही करते.

दिवाळीच्या सुट्टीआधी गुरुजींनी भरलेली प्रश्नावली आली. लक्षणांचे गुण कमी झाले होते, पण संपलेले नव्हते, आणि 'वस्तू हरवते' या ओळीसमोर त्यांनी समासात लिहिले होते, "पेन्सिली अजून हरवते. आम्ही एक डबा भरून ठेवला आहे." मी तो कागद फायलीत लावला आणि दोन वर्षांपूर्वीचा माझा कागदही त्याच्या शेजारी असावा, म्हणून आईकडे मागितला. पुढच्या भेटीत तिने त्याची झेरॉक्स आणली.

"मूळ राहू दे माझ्याकडं, मॅडम," ती म्हणाली.