बावीस तिकिटं आणि तात्यांचा गडू

२०२५ च्या जूनमध्ये आमच्या वाचन कट्ट्यावर अब्दुल कलामांचं आत्मचरित्र वाचून झालं. दर शनिवारी संध्याकाळी सांगलीत आम्ही वीस-पंचवीस जण जमतो, एक जण मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात. शेवटचं पान झालं आणि अक्का म्हणाल्या, "बाई, हे त्यांचं रामेश्वर गाव एकदा डोळ्यांनी बघायला पाहिजे." मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, सहली पुष्कळ काढल्यात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी हो म्हणून बसले.

पहिला प्रश्न तारखांचा. कलामांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३१ चा, आणि आपल्याकडे हाच दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी रामेश्वरला असावं, असं माझ्या मनानं घेतलं. पण ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे द्राक्षांची फळछाटणी. कट्ट्यावरची सहा घरं तासगाव-मिरज पट्ट्यातली बागायतदार. छाटणी झाली की काडीला पेस्ट, मग फुटवे, विरळणी, फवारण्या. त्यात पाऊस पडला तर डावणी रोगाच्या भीतीनं माणसाला झोप नसते. त्या घरांनी सरळ सांगितलं, एका घरातून एकच जण येईल, दुसरा बागेत पाहिजे.

बाकीच्यांचं म्हणणं, मग भाऊबीज होऊ द्या, नोव्हेंबरात निवांत जाऊ. इथं मी अडून बसले. आपला पाऊस परततो तेव्हा तमिळनाडूचा पाऊस सुरू होतो. ईशान्य मोसमी वारे ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडं पाऊस देतात, नोव्हेंबरात सगळ्यात जास्त, आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही त्याच दिवसांत. रामेश्वरजवळचं धनुष्कोडी हे अख्खं गाव डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात गेलं, रुळांवरच्या गाडीसकट. म्हातारी माणसं बरोबर घेऊन नोव्हेंबरात तिकडं जायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं. दसरा २ ऑक्टोबरला, कोजागिरी ६ ला, वसुबारस १७ ला. बायकांनी अट घातली, वसुबारसेच्या संध्याकाळी घरात दिवा लागला पाहिजे. राहिले मधले दहा दिवस.

मग काय पाहायचं? कलामांचं आयुष्य देशभर पसरलेलं. रामेश्वरला जन्म, रामनाथपुरमच्या श्वार्ट्झ हायस्कूलमध्ये शिक्षण, तिरुचिरापल्लीचं सेंट जोसेफ कॉलेज, चेन्नईतली एमआयटी (मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी), बेंगळुरू, थुंबा, श्रीहरिकोटा, हैदराबाद, मग २००२ ते २००७ राष्ट्रपती भवन, आणि २७ जुलै २०१५ ला शिलाँगमध्ये विद्यार्थ्यांपुढे बोलता बोलता शेवट. सगळं पाहायचं तर महिना जाईल. एका टूरवाल्यानं आम्हाला आठ दिवसांचा कार्यक्रम लिहून दिला. त्यात उटी होती, कोडाईकनाल होतं, मदुराईत साड्यांची खरेदी होती आणि रामेश्वरला अडीच तास. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्याला नमस्कार केला आणि वही घेऊन स्वतः बसले.

मी एकच कसोटी लावली: पेपर टाकणारा पोरगा रॉकेटपर्यंत कसा पोचला, तेवढीच वाट चालायची. म्हणजे रामेश्वर, रामनाथपुरम आणि पहिलं रॉकेट सुटलं ते केरळातलं थुंबा. तिरुची आणि चेन्नई सोडताना वाईट वाटलं.

खरा पेच पुढंच होता. आमच्यात तात्या आहेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. अकरा वर्षांपूर्वी ते काशीला जाऊन आले. तेव्हा आणलेला गंगेचा गडू, तोंड झाळून बंद केलेला, त्यांच्या देवघरात तसाच होता. काशीची गंगा रामेश्वराला वाहिल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मानत आलेत. एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजली ती कावडही रामेश्वरासाठीच निघाली होती. तात्या बैठकीत म्हणाले, "कलाम मोठा माणूस, त्यात वाद न्हाई. पण रामेश्वरला जाऊन आंघोळ न करता, अभिषेक न करता माघारी यायचं म्हंजे काय?" देवळातल्या बावीस तीर्थांचं स्नान आणि अभिषेक म्हणजे अर्धा दिवस जाणार. कट्ट्यावरचा एक इंजिनिअर मुलगा पटकन म्हणाला, "तात्या, सहल कलामांची आहे, देवदर्शनाची नाही." तात्या उठून गेले. पुढच्या शनिवारी आले नाहीत.

मला झोप लागेना. पुस्तक परत उघडलं, आणि जे वाचून पुढं गेलो होतो तेच आता नीट दिसलं. कलामांचे वडील जैनुलाब्दीन यांनी लाकडी नाव बांधली होती, ती यात्रेकरूंना रामेश्वरहून धनुष्कोडीला नेण्या-आणण्यासाठी. रामेश्वराच्या देवळाचे मुख्य पुजारी पक्षी लक्ष्मण शास्त्री हे त्यांचे जिवाभावाचे मित्र. सीताराम कल्याण उत्सवात देवाच्या मूर्ती तळ्यातल्या मंडपापर्यंत न्यायला नावा लागत, त्यांची व्यवस्था कलामांच्या घराकडे. त्यांची मशीद गल्ली देवळापासून चालत दहा-बारा मिनिटांवर. ज्या माणसाला समजून घ्यायला आम्ही निघालो होतो, त्याचं घर यात्रेकरूंवर चाललं होतं, आणि आम्ही आमच्याच यात्रेकरूला बाजूला सारत होतो.

ती पानं घेऊन मी तात्यांच्या घरी गेले. इंजिनिअर मुलालाही बोलावलं आणि त्यालाच वाचायला लावलं. तात्या ऐकत होते. मग म्हणाले, "माझा आजा काशी करून रामेश्वरला गेल्ता. त्यो बी बसला आसंल काय त्या नावंत?" कोण सांगणार? त्या पोरानं पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "तात्या, पहाटे तीर्थस्नान, मग अभिषेक, मग तिथून चालत कलामांचं घर. एकाच दिवसात बसवतो." त्यानं ते बसवलंही.

व्यवस्थेला माझा एक जुना विद्यार्थी धावून आला. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानं देशभर पसरली आहेत. हा मदुराईत आहे. "बाई, तुम्ही नुसत्या तारखा सांगा," म्हणाला. तमिळ त्याला मराठीसारखीच येते. सत्तावीस सीटची गाडी, रामेश्वरला देवळाजवळचं लॉज, तळमजल्यावरच्या खोल्या, सगळं त्यानं स्वतः जाऊन पाहिलं. गाडीच्या पायरीची उंची मोजून सांग म्हटलं, तर तीही मोजून कळवली. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं असतं तर हसला असता.

आता तिकिटं. बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं वाचा, कारण इथं चूक झाली तर सहल मोडते. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. आमचे तीन टप्पे होते: १० ऑक्टोबरला मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरू, ११ ला रात्री म्हैसूर-तूतुकुडी गाडीनं मदुराई, आणि परतीला १६ ला तिरुअनंतपुरमहून नेत्रावती एक्सप्रेसनं रत्नागिरी. म्हणजे ११, १२ आणि १७ ऑगस्ट अशा तीन सकाळी. एका तिकिटावर सहाच नावं चालतात, म्हणून मी आधी सहा-सहाचे गट पाडले होते. आरक्षण खिडकीवरच्या माणसानं वेळेवर सावध केलं: साठीपुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांना खालच्या बर्थचा कोटा असतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच जण असतील तरच. घरी येऊन सगळे गट मोडले. गुडघेदुखीवाल्यांच्या दोन-दोनच्या जोड्या केल्या, तरणी माणसं सहाच्या तिकिटांवर. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. काहींनी ती धरून हिशोब केला होता, तो दुरुस्त करावा लागला. पहिले दोन टप्पे पक्के मिळाले. नेत्रावतीला चार नावं वेटिंगला राहिली, दिवाळीची गर्दी. कृष्णेचं पाणी चढायला लागलं होतं, सगळी सांगली आयर्विन पुलाखाली किती फूट झालं ते विचारत होती, आणि मी वेटिंग किती खाली आलं ते बघत होते. शेवटी दोन पक्की झाली, दोन आरएसी. ते दोघं तरणे एका बर्थवर बसून आले.

माणशी तेरा हजार ठरले, तीन हप्त्यांत. वही दर शनिवारी सगळ्यांपुढे उघडी. एका कागदावर बावीस जणांची नावं, औषधं, रक्तगट, घरचा नंबर. त्याच्या प्रती चौघांकडे. सप्टेंबरभर रोज सकाळी गणपती मंदिरापासून आयर्विन पुलापर्यंत आणि परत असं चालायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात नऊ जण आले, महिनाअखेरीस एकोणीस.

बेंगळुरूला सकाळी उतरून रात्रीच्या गाडीपर्यंत दिवस मोकळा होता. तो वाया जायचा नव्हता. एमआयटीतून कलाम शिकाऊ म्हणून आले ते इथल्या एचएएल या विमान कारखान्यात, आणि पुढं 'नंदी' नावाचं हॉवरक्राफ्ट त्यांनी बनवलं तेही याच शहरात. म्हणून एचएएलचं विमान संग्रहालय पाहिलं.

मदुराईहून रामेश्वरला रेल्वेनं न जाता गाडीनं गेलो, कारण वाटेत रामनाथपुरमची शाळा बाहेरून का होईना बघायची होती. मग पांबन. रस्त्याच्या पुलावरून शेजारी दोन रेल्वे पूल दिसले, १९१४ चा जुना आणि एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला नवा. नव्याचा मधला ७२.५ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो आणि खालून जहाज जातं. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरला गाडी थांबायची बंद झाली, तेव्हा रामेश्वर आणि धनुष्कोडीच्या मधल्या रस्त्यालगत चालत्या गाडीतून पेपरांचे गठ्ठे फेकत. ते उचलायला कलामांच्या चुलतभावाला मदतनीस लागला आणि या पोराला आयुष्यातली पहिली कमाई मिळाली.

१३ तारखेला पहाटे तात्या सगळ्यांच्या आधी तयार होते. बावीस विहिरींचं पाणी अंगावर घेत ओल्या फरशीवरून फिरायचं, म्हणून प्रत्येक म्हाताऱ्या माणसामागे एक तरणा ठेवला होता. ओल्या कपड्यांनी आत दर्शनाला सोडत नाहीत. कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत प्रत्येकाजवळ हवेतच. अभिषेक झाला. रिकामा गडू तात्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला. बाहेर पडल्यावर कुणाशी बोलले नाहीत, थेट मशीद गल्लीकडे चालायला लागले.

घर लहान आहे, वर अरुंद जिन्यानं जायचं. भिंतींवर फोटो, कपाटांत मानपत्रं, पुस्तकं. तात्या एका ठिकाणी थबकले. तिथं कलामांच्या आईवडिलांचं चित्र होतं. त्यांनी हात जोडले. दुपारी पेई करुंबूच्या स्मारकात गेलो. ३० जुलै २०१५ ला कलामांना तिथं दफन केलं, त्यावर डीआरडीओनं बांधलेलं स्मारक दोन वर्षांनी खुलं झालं. भव्य आहे, पण आमच्यातल्या बहुतेकांना ते घरच जास्त भावलं. संध्याकाळी धनुष्कोडीला निघालो तर पावसानं गाठलं. अर्ध्या वाटेतून परत. १४ ची सकाळ मी मुद्दाम मोकळी ठेवली होती. त्या सकाळी उघडीप मिळाली, पडक्या चर्चच्या भिंती पाहिल्या, दोन्ही समुद्र पाहिले, आणि तिथूनच कन्याकुमारीच्या मुक्कामाला.

वसुबारसेला घर गाठायचं म्हणून जयंतीचा दिवस जन्मगावी मिळाला नाही, तो थुंब्याला आला. आधी मला हे लागलं होतं. तिथं पोचल्यावर लागलं नाही. चुंबकीय विषुववृत्ताजवळचा किनारा म्हणून विक्रम साराभाईंनी हे मच्छीमारांचं गाव निवडलं, आणि बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च विज्ञानासाठी दिलं. प्रार्थनेच्या खोलीत कलामांची पहिली प्रयोगशाळा झाली. २१ नोव्हेंबर १९६३ ला इथून पहिलं रॉकेट गेलं. उचलायची क्रेन गळायला लागली तेव्हा माणसांनी अंगाच्या जोरावर ते लाँचरवर चढवलं. आज त्या चर्चमध्ये अवकाश संग्रहालय आहे. नावं आधी नोंदवलेली आणि ओळखपत्रं एका पाकिटात, त्यामुळे दारात खोळंबा झाला नाही.

दाराशी तात्यांनी चपला काढल्या. हे आता संग्रहालय आहे, काढायची गरज नाही, असं मी सांगणार होते. पण तोवर मागं इंजिनिअर पोरगा वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता, आणि त्याच्यामागे आमची अख्खी रांग थांबली होती.