सेमी-हॉलो गिटारसाठी नवे पिकअप निवडताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सेमी-हॉलो (अर्धवट पोकळ अंगाची इलेक्ट्रिक) गिटार वाजवणारे मोजकेच आहेत. त्यामुळे दुकानात पिकअपचे, म्हणजे तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणाऱ्या चुंबकीय भागांचे, दोन-चार जोड ऐकून निवडण्याची सोय इथे नाही, आणि पुण्याहून किंवा बंगळुरूहून मागवलेला जोड पसंत पडला नाही, तर परत पाठवण्याचा व्याप नकोसा होतो.

खरेदीपूर्वी आहेत त्याच पिकअपची उंची बदलून पाहावी. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरावी आणि पिकअप व तार यांतील अंतर ब्रिजपाशी (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथल्या पिकअपला) सुमारे 1.6 मिमी, तर नेकपाशी (मानेकडच्या पिकअपला) 2.4 मिमी ठेवून ऐकावे. नेकचा कोंदटलेला आवाज बरेचदा एवढ्यानेच मोकळा होतो आणि खर्च वाचतो.

तरीही बदलायचेच ठरले, तर माझे मत तारेचे वेढे कमी असलेल्या हंबकरकडे (दोन कॉइलच्या, घरघर दाबणाऱ्या पिकअपकडे) झुकते. वेढे वाढले की आवाज मोठा होतो खरा, पण वरचे स्वर बोथट होतात आणि मधले फुगतात. पोकळ अंगाच्या गिटारमध्ये नेकपाशी खर्ज मुळातच भरपूर असल्याने तिथे असा पिकअप चिखल करतो. म्हणून नेकला साडेसात किलोओहम रोधाच्या आसपासचा, अल्निको 2 या सौम्य चुंबकाचा आणि ब्रिजला थोडा अधिक जोरकस, अल्निको 5 चुंबकाचा पिकअप, अशी जोडी मला रुचते. पी-90 या जुन्या धाटणीच्या पिकअपचा भरदार, किंचित खरखरीत आवाज मला मनापासून आवडतो. परंतु तो सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) असल्याने, ज्या मंगल कार्यालयांत अर्थिंगची खात्री नसते आणि रोषणाईचे डिमर शेजारीच असतात, तिथे त्याची घरघर गाण्यावर मात करते.

पिकअपच्या कॉइलमध्ये मेण मुरवलेले असावे की नाही, हा प्रश्नही असाच जागेवर अवलंबून आहे. गिब्सनने 1958 मध्ये ईएस-335 आणली, तेव्हा फीडबॅक (अॅम्पचा आवाज गिटारमध्ये परत शिरून उठणारी शिट्टी) आवरण्यासाठी मधोमध लाकडी ठोकळा घातला होता. मात्र त्याने फीडबॅक कमी होतो, संपत नाही. त्या काळचे हंबकर मेणात बुडवलेले नसत आणि त्यांच्या जिवंतपणाचे श्रेय अनेक जण त्यालाच देतात. घरी वाजवणाऱ्याने तसे खुशाल घ्यावेत; स्टेजवर अॅम्पला खेटून उभे राहणाऱ्याने मात्र मेण मुरवलेलेच घ्यावेत, नाहीतर शिट्टी ऐकण्याची तयारी ठेवावी.

मागणी नोंदवण्यापूर्वी दोन टोकांच्या तारांमधील अंतर मोजावे, कारण पोलपीस (प्रत्येक तारेखाली येणारे पिकअपचे लोखंडी खिळे) टोकापासून टोकापर्यंत सुमारे 49 किंवा 52 मिमी अशा दोन मापांत मिळतात. दोन्ही पिकअप एकाच कंपनीचे नसतील, तर निदान एक तरी चार वायरींचा घ्यावा. स्विच मध्यभागी ठेवून दोन्ही पिकअप एकत्र वाजवताना आवाज पातळ व नाकातला आला, तर फेज उलटा आहे, म्हणजे दोघांचे संकेत एकमेकांना मारताहेत, असे समजावे. चार वायरी असल्या की कॉइलच्या दोन टोकांची अदलाबदल करून तो सुधारता येतो, एकेरी वायरीवर जाळी असलेल्या पिकअपमध्ये ते सोपे नसते.

ही तपासणी वायरिंग बाहेर असतानाच उरकावी. यांपैकी बहुतेक गिटारींना मागे झाकण नसते. सगळे काही एफ-होलमधून (गिटारच्या अंगावरील f आकाराच्या खाचेतून) आत सारावे लागते. प्रत्येक पॉटच्या (आवाज-टोन कमीजास्त करणाऱ्या नियंत्रकाच्या) दांड्यावर घट्ट बसणारी प्लास्टिकची नळी चढवून तिचे दुसरे टोक वरच्या भोकातून ओढले, की पॉट आपोआप जागेवर येतो. जॅक (केबल खोचण्याचे भोक) सर्वांत शेवटी ओढावा आणि नट आवळताना पॉट आतल्या आत फिरणार नाही, याकडे लक्ष द्यावे. तो फिरला की सोल्डर तुटते आणि सगळे पुन्हा बाहेर काढावे लागते.