लेकीचं पहिलं कम्युनियन आणि बाकावर बसलेला बाप

ईस्टरनंतरच्या रविवारपासून जीव थाऱ्यावर नाही. इथे जर्मनीत त्याला पांढरा रविवार म्हणतात. कॅथलिक मुलांचं पहिलं कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी, परंपरेने त्याच दिवशी असतो. ऑफिसातल्या एका बाईंच्या लेकीचं कम्युनियन होतं, आम्हाला आग्रहाचं बोलावणं. बाई कॅथलिक, नवरा प्रोटेस्टंट.

पोरगी पांढऱ्या झग्यात, केसांत फुलं. वेळ झाली तशी आई तिच्यामागून पुढे गेली. बाकीच्यांना वाट द्यायला बाप उठला, गुडघे सावरून बाजूला झाला आणि पुन्हा बसला. पोरगी तोंडातली भाकर चघळतच परतली, त्याला बिलगून बसली. त्याने तिची कललेली फुलं बोटांनी सारखी केली. नंतर बराच वेळ तो स्वतःच्या हातांकडेच बघत होता.

नियम मला ठाऊक आहे. कॅथलिक कायद्याचं 844 वं कलम प्रोटेस्टंटांना मृत्यूच्या दारी किंवा फार गंभीर गरज असेल तरच ही भाकर घ्यायची मुभा देतं. 2018 मध्ये इथल्या बहुसंख्य बिशपांनी मिश्र जोडप्यांसाठी दार थोडं उघडायचं ठरवलं, तर सात बिशपांनी थेट रोमला पत्र लिहिलं. शेवटी ज्याने त्याने आपापल्या धर्मप्रांतात ठरवायचं, असं झालं.

गंमत नव्हे, दुःख आहे ते पुढे. 2007 मध्ये इथल्याच माग्देबुर्ग शहरात अकरा चर्चनी, त्यात कॅथलिकही आले, एकमेकांचा बाप्तिस्मा मान्य असल्याच्या सह्या केल्या. म्हणजे या माणसाचा बाप्तिस्मा खरा, पण प्रभूच्या मेजाशी त्याला जागा नाही.

अशा वेळी आपल्या तिकडच्या प्रोटेस्टंट लोकांचा फार अभिमान वाटतो. आमचे आजोबा नाशिकच्या शरणपूरचे अँग्लिकन, आजी नगरच्या अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे वेगळ्या पंथाची. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झाली, तेव्हापासून दोघांची मंडळी एकच. इथल्या लुथरन आणि रिफॉर्म्ड या दोन प्रोटेस्टंट मंडळ्यांनी एकमेकांना प्रभुभोजनाला सामील करून घेण्याचा लॉयेनबर्गचा करार 1973 चा. चारशे वर्षांचं भांडण मिटवायला त्यांना आपल्यापेक्षा तीन वर्षं जास्त लागली!

कुणी म्हणेल, नाशिकरोडला कॅथलिकांच्या बाळ येशूच्या यात्रेत तरी आपल्याला प्रभुभोजन कुठे मिळतं? नाही मिळत. दर फेब्रुवारीत आपण जातो, मेणबत्त्या लावतो, मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेला बसतो आणि भाकर घ्यायच्या वेळी जागचे उठत नाही. पण घरी आलं की सगळं घर एकाच मेजाशी असतं. इथे घरच दुभंगलेलं पाहिलं.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तुझा पंचवटीतला मित्र नाताळला आपल्याबरोबर चर्चला यायचा. प्रभुभोजनाच्या वेळी पप्पा त्याला काय म्हणायचे? बस हां बाळा, आम्ही आलोच."

"त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, आई," मी म्हटलं. "या माणसाचा झालाय."

ती गप्प राहिली. माझं म्हणणं मला अजूनही बरोबरच वाटतं.