शहाण्णव की एकशे छत्तीस?

‘गावसकर की तेंडुलकर?’ आणि त्यापाठोपाठ लेगस्पिनर सुभाष गुप्ते व शेन वॉर्न यांच्यावरून ‘गुप्ते की वॉर्न?’ हे दोन प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात आणि दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडे असतानाही विचारले गेले आहेत. क्रिकेटवर चार ओळी लिहिणाऱ्याच्या खिशात याचे उत्तर तयार असते, अशी समजूत दिसते. मी ‘कोणत्या खेळपट्टीवर, कोणत्या नियमांखाली?’ असे विचारले की समोरचा हसून म्हणतो, ‘म्हणजे उत्तर द्यायचे नाही तर!’ तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

गावसकर आणि तेंडुलकर यांच्या कसोटीतल्या सरासऱ्या शेजारी शेजारी मांडाव्यात आणि मोठी असेल ती निवडावी, असे तरुणपणी माझेही मत होते. 51.12 आणि 53.78, यात वाद घालण्यासारखे काय आहे? त्या तरुणाशी माझे अजूनही पटत नाही. आकडे त्याला अचूक पाठ होते, पण ते ज्या नियमांखाली जमा झाले ते नियमच बदलत गेले, याकडे त्याचे लक्ष नव्हते. 1930 साली ब्रॅडमनने एका मालिकेत 974 धावा केल्या, तेव्हा ऑफ यष्टीच्या बाहेर टप्पा पडून आत येणाऱ्या चेंडूवर फलंदाज पायचीत होऊच शकत नसे. ही सवलत 1935 पासून प्रयोगादाखल आणि 1937 पासून कायमची काढून घेण्यात आली. त्यानंतरही पाय लांब पुढे टाकलेल्या फलंदाजाला पायचीत द्यायला पंचांचे बोट सहसा वर जात नसे. डीआरएस, म्हणजे पंचांच्या निर्णयाची कॅमेऱ्याने फेरतपासणी करणारा रिव्ह्यू, आल्यावर ते कवच गेले, आणि आज फिरकीपुढे पॅडच्या भरवशावर उभा राहणारा फलंदाज फार वेळ टिकत नाही. ‘मग गावसकरला सोपेच गेले की,’ असे तो तरुण म्हणतो, आणि त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण 2011 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात सईद अजमलच्या चेंडूवर पायचीत दिल्या गेलेल्या तेंडुलकरला रिव्ह्यूने परत आणले आणि पुढे त्याने 85 धावा केल्या, हेही मग त्याच हिशेबात धरावे लागेल.

खरे सांगायचे तर माझे सगळे युक्तिवाद एका डावापाशी येऊन अडतात. मार्च 1987, बेंगळूर, पाकिस्तानविरुद्धची पाचवी कसोटी. आधीच्या चारही अनिर्णित राहिल्या होत्या. पहिल्या डावात मनिंदरसिंगने 27 धावांत 7 बळी घेऊन पाकिस्तानला 116 धावांत गुंडाळले, तेव्हाच त्या खेळपट्टीची जात कळली होती. शेवटच्या डावात आपल्याला 221 धावा हव्या होत्या. इक्बाल कासिमची डावखुरी फिरकी, तौसीफ अहमदची ऑफस्पिन, बॅटभोवती क्षेत्ररक्षकांचे कडे, आणि रिव्ह्यूची कल्पनाही कोणी केलेली नव्हती. पावसाळ्यात कांगा लीगच्या ओल्या खेळपट्ट्यांवर मी स्वतः डावखुरी फिरकी टाकली आहे, म्हणून एवढे ठामपणे सांगतो की अशा ठिकाणी हातभर वळणारा चेंडू बॅटला चुकवून निघून जातो. बळी घेतो तो जेमतेम वळणारा. कासिम आणि तौसीफ यांना हे उमगले होते. आपल्या फिरकी गोलंदाजांना दुसऱ्या डावात ते उमगले नाही, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. गावसकर मात्र शेवटच्या क्षणापर्यंत थांबत होता, बॅटवरची पकड सैल सोडून चेंडू पायाशीच मारत होता, आणि जो वळून बाहेर गेला त्याच्यामागे बॅट नेत नव्हता. या तिन्हींत शेवटची गोष्ट सर्वांत अवघड असते, कारण चुकलेल्या चेंडूचा पाठलाग हाताकडून आपोआप होतो. पाच तासांहून अधिक वेळ त्याने हे केले. दुसऱ्या कोणालाही त्या डावात तिशी गाठता आली नाही. तो 96 वर असताना कासिमचा एक चेंडू टप्प्यावरून ताडकन उसळला आणि स्लिपमध्ये रिझवान-उझ-झमानने झेल घेतला. आपण 16 धावांनी हरलो, मालिकाही गेली, आणि गावसकर पुन्हा कसोटी खेळला नाही. शतक चार धावांनी हुकले म्हणून मी दूरदर्शनपुढे हळहळत बसलो होतो. वडील, जे गावसकरला आयुष्यभर रटाळ म्हणत आले होते, वैतागून म्हणाले, ‘चारांचे काय घेऊन बसलास? तो गेला तेव्हा एकेचाळीस हव्या होत्या.’

बारा वर्षांनी, जानेवारी 1999 मध्ये, चेन्नईच्या चेपॉकवर तेंडुलकरने तसाच किल्ला लढवला. समोर पुन्हा पाकिस्तान, लक्ष्य 271, अवस्था 5 बाद 82, त्यात पाठीचे दुखणे. नयन मोंगियाबरोबर 136 धावांची भागीदारी करून त्याने सामना ओढून आणला आणि 17 धावा उरल्या असताना सकलेन मुश्ताकला उंच मारायला जाऊन स्वतःच्या 136 धावांवर तो बाद झाला. उरलेले तिघे चार धावांत गेले. हार 12 धावांची. बेंगळूरइतकी ती खेळपट्टी वाईट नव्हती, हे चारही डावांच्या धावसंख्यांवरून दिसते. पण सकलेनकडे ‘दुसरा’ होता, म्हणजे ऑफस्पिनसारखाच टाकलेला पण उलट वळणारा चेंडू, आणि तसला चेंडू कासिम किंवा तौसीफ यांच्यापैकी कोणाच्याही भात्यात नव्हता. खेळपट्टी सोपी पण गोलंदाज अवघड; याचा भागाकार कसा करायचा?

माझे मन 96 कडे झुकते, हे कबूल करतो. ते डावाच्या गुणवत्तेमुळे की माझ्या तेव्हाच्या वयामुळे, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय 1998 च्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या चेन्नई कसोटीपूर्वी तेंडुलकरने लेग यष्टीबाहेरची जागा मुद्दाम खरवडून लेगस्पिनर शिवरामकृष्णनकडून त्यावर गोलंदाजी करून घेतली होती, आणि पहिल्या डावात चारवर वॉर्नने बाद केल्यानंतरही दुसऱ्या डावात नाबाद 155 केल्या होत्या. असा माणूस बेंगळूरला मार्ग शोधू शकला नसता, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

गुप्ते की वॉर्न, यावर तर माझे पाऊल याहूनही लटपटते. वेस्ट इंडिजच्या गॅरी सोबर्सने गुप्त्यांना वरचे स्थान दिले, आणि 708 बळी घेणाऱ्या वॉर्नला भारतात प्रत्येक बळीसाठी 43 धावा मोजाव्या लागल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. पण गुप्त्यांना कसोटीत भारतीय फलंदाजांपुढे गोलंदाजी करावीच लागली नाही, हे सोयीने विसरतो. उलट बाजूला 1958 ची कानपूर कसोटी आहे. वेस्ट इंडिजचे 102 धावांत 9 बळी गुप्त्यांनी एकट्याने घेतले आणि तरीही आपण 203 धावांनी हरलो. पुढे खेळाशी संबंध नसलेल्या एका प्रकरणावरून त्यांना वगळण्यात आले आणि कारकीर्द 36 कसोटींत 149 बळींवर थांबली. वॉर्नला 145 कसोटी मिळाल्या, दुसऱ्या टोकाला वेगवान गोलंदाज मॅकग्रा मिळाला, स्लिपमध्ये मार्क टेलर मिळाला. हे सगळे गुप्त्यांना देऊन पाहा आणि त्यांचे बळी किती झाले असते ते सांगा. तुमचा आकडा मला मान्य होणार नाही, आणि माझा तुम्हाला.