पावसाळ्यात, रत्नागिरीत, डीएनएची घडी मोजताना

आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना टीटीएजीजीजी हा क्रम पुन्हा पुन्हा येत राहतो. त्यातला २१ अक्षरांचा एकेरी तुकडा पोटॅशियम मिळालं की स्वतःवरच दुमडतो. चार ग्वानीन (म्हणजे क्रमातली 'जी' अक्षरं) एका पातळीत बसतात आणि अशा तीन पातळ्या एकावर एक चढतात. या रचनेला जी-क्वाड्रुप्लेक्स म्हणतात. हे दुमडणं कॉलेजातल्या साध्या फ्लुओरोमीटरवर, म्हणजे उजळणाऱ्या रंगांचा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर, दाखवायचं, हा माझा एम.एस्सी.चा प्रकल्प होता. तो पार पडला. असं काम करू बघणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितेय.

तत्त्व सुंदर आहे. तुकड्याच्या एका टोकाला फ्लुओरेसिन, दुसऱ्या टोकाला टॅमरा हा रंग जोडून मागवायचा. निळ्या प्रकाशाने फ्लुओरेसिन ५२० नॅनोमीटरच्या आसपास हिरवं उजळतं. टॅमरा जवळ असेल तर तीच ऊर्जा मधे प्रकाश न होताच त्याच्याकडे जाते आणि ५८०च्या आसपास नारिंगी उजेड दिसतो. या जोडीत निम्मी ऊर्जा पोचते ते अंतर साधारण ५ ते ५.५ नॅनोमीटर. अंतर त्याच्या निम्मं झालं की ९८ टक्के ऊर्जा पोचते, दुप्पट झालं की जेमतेम दीड टक्का, कारण इथे अंतराचा सहावा घात लागतो. स्ट्रायर आणि हॉगलंड यांनी १९६७ साली याला रेणूंची मोजपट्टी म्हणून सिद्ध केलं, आणि १९८९ मध्ये याच पद्धतीने डीएनएच्या चार फाट्यांच्या सांध्याचा फुलीसारखा आकार उलगडला. डीएनएची दुहेरी गोफ २ नॅनोमीटर जाड, म्हणजे मोजपट्टी अगदी मापाची.

खरा घाम निघाला तो मिठांपायी. घडी पडण्याआधीची अवस्था हवी तर द्रावणात पोटॅशियम आणि सोडियम दोन्ही नकोत, म्हणून लिथियम क्लोराइड वापरतात. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि जुलैतली आमची हवा कशी असते ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. लॅबमधल्या काकांनी बाटली उघडली आणि म्हणाले, "अगो, ह्याचं तर पाणीच झालंय." तराजूवर वजन करण्यात अर्थच नव्हता. मॅडमनी उपाय सुचवला: अंदाजे द्रावण कर आणि त्यातलं क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेट करून तीव्रता काढ. बी.एस्सी.ला कंटाळत केलेलं ते टायट्रेशन इथे कामी आलं, आणि त्या आकड्यावर माझा वजनापेक्षा जास्त विश्वास आहे.

पोटॅशियम आणखी एका वाटेने शिरतं. पीएच मीटरच्या इलेक्ट्रोडमध्ये पोटॅशियम क्लोराइड भरलेलं असतं, ते थोडं थोडं झिरपतं. म्हणून इलेक्ट्रोड मुख्य बाटलीत बुडवायचाच नाही, थोडं द्रावण वेगळं काढून त्यात मोजायचं. काचेतून सोडियम येऊ नये म्हणून साठवण प्लास्टिकच्या बाटलीत. पीएच नीट सांभाळा, कारण तो ७ च्या खाली घसरला की फ्लुओरेसिनचा उजेड भराभर उतरतो.

नुसतं बफर, म्हणजे डीएनए न घातलेलं, पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, आधी मोजा, हे मॅडमचं पहिलं बजावणं होतं. कारण बघून मी थक्क झाले. ४८० नॅनोमीटरने उजळवलं की पाण्याचाच रामन विकिरणाचा (पाण्यातून तरंगलांबी बदलून विखुरलेल्या प्रकाशाचा) उंचवटा ५७३च्या आसपास येतो, टॅमराच्या अगदी शेजारी! डीएनए जेमतेम ०.२ मायक्रोमोलर, त्यामुळे तो उंचवटा सहज दिसतो. उजळवणारा प्रकाश ४७० वर नेला की तो ५६० कडे सरकतो. टॅमराचा उंचवटा मात्र जागचा हलत नाही. बफरचा वर्णपट वजा केला की प्रश्न मिटतो. फक्त फ्लुओरेसिन जोडलेला तुकडाही हवाच, त्याच्याशी तुलना केल्याशिवाय किती ऊर्जा गेली ते कळत नाही. खर्च वाढतो, पण तो तुकडा वगळू नका.

लाईट जाण्याचा त्रास वेगळाच. झेनॉन दिवा विझला की थंड होईपर्यंत पुन्हा लावायचा नसतो, आणि लावल्यावर स्थिर व्हायला अर्धा तास द्यावा लागतो. म्हणून मी एकमेकांशी ताडायचे सगळे नमुने एकाच बैठकीत घ्यायचे, मधे लाईट गेली तर पहिल्यापासून.

आणि मग लिथियमच्या द्रावणात पोटॅशियम क्लोराइड घातलं. हिरवा उंचवटा बसला, नारिंगी वर आला. टोकं जवळ आली होती.

प्रबंधात मी अंतराचा आकडा दिला नाही. ग्वानीन स्वतःच फ्लुओरेसिनचा उजेड दाबतो, रंग लवचीक दुव्याने लटकलेले असतात, आणि दोन्ही रंगांची एकमेकांकडे दिशा कशी आहे हे धरून चालावं लागतं. तोंडी परीक्षेत नेमकं हेच विचारलं गेलं. मी तापमानाचे आलेख पुढे ठेवले: सोडियममध्येही तुकडा दुमडतो, पण पोटॅशियमपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला सुटतो. तो फरक सांगायला नॅनोमीटर लागत नाहीत, हे परीक्षकांना पटलं.