मी धावते, तर पैसे तुम्ही का द्यायचे?

सोमवार, रात्री

नाव नोंदवून टाकलं. पूर्ण मॅरेथॉन, 42.195 किलोमीटर, आणि त्यानिमित्ताने जमतील ते पैसे कॅन्सर रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला. नोंदणीची फी, बूट, पळताना खायच्या एनर्जी जेलची पाकिटं, प्रवास हे सगळं माझ्या खिशातून. कुठला तरी लांबचा डोंगर चढायचा, त्या सहलीचा खर्चही देणग्यांतून भागवायचा आणि उरलेलं संस्थेला द्यायचं, हा प्रकार मला पटत नाही. हौस माझी, तर बिलही माझंच.

संस्था निवडायला जास्त वेळ लागला. शेवटी रुग्णांच्या राहण्याची आणि प्रवासाची सोय करणारी निवडली. रेडिएशन बहुतेक वेळा आठवड्याचे पाच दिवस आणि कित्येक आठवडे चालतं. मशिनखाली रोज काही मिनिटंच झोपायचं असतं, पण तेवढ्यासाठी लांबून आलेल्या माणसाला परक्या गावात मुक्काम टाकावा लागतो आणि सोबतीला आलेल्याचं कामधंद्याचं नुकसान होतं ते वेगळंच. संशोधनालाही पैसा हवाच. पण मावशीच्या उपचारांत सोबतीला मी होते, त्यामुळे माझं मन या बाजूला झुकलं.

बुधवार

आवाहनात तुझ्याबद्दल लिहू का, असं मावशीला फोन करून विचारलं.

"लिही की. फोटो मात्र नको. टक्कल दाखवून पैसे मागायचे असतील तर आधी स्वतःचं कर." मग म्हणाली, "आणि झुंज दिली, मात केली, असलं काही लिहू नकोस. मी कसली झुंज देतेय? खुर्चीत बसले होते आणि सलाईनमधून औषध जात होतं."

बरोबर आहे तिचं. बरे झालेले 'जिंकले' म्हटलं की जे गेले ते आपोआप 'हरले' ठरतात, जणू त्यांनीच कुठे जोर कमी लावला. झुंज, लढा, योद्धा हे शब्द काढून टाकल्यावर आवाहन अगदीच छोटं उरलं: आजार काय होता, राहायची सोय नसेल तर काय होतं, पैसे कुठे जाणार. तेवढंच ठेवलं.

रविवार

लाँग रन. सुरुवातीला पाय इतके हलके होते की पेस मुद्दाम कमी ठेवावा लागला. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास व्हायचं तेच झालं. स्नायूंतला आणि यकृतातला साखरेचा साठा संपत आला की शरीर चरबीवर जास्त भिस्त ठेवतं, आणि ते इंधन हळू मिळतं. डोकं म्हणतं चल, मांड्या म्हणतात कशाला. काखेत घासून सालटं निघालं आहे. आंघोळीचं पाणी लागलं तेव्हा ओरडलेच. पायाच्या एका बोटाचं नख काळं पडलंय, गळेल बहुतेक.

पळताना एक उपमा सुचली होती आणि मी तिच्यावर बेहद्द खूश होते. माझ्या सरावात तीन आठवडे चढते असतात, चौथा हलका. मावशीची केमोही ठरावीक सायकलने, दर 21 दिवसांनी. घरी येऊन लिहायला बसले आणि उपमेतली हवा गेली. हलक्या आठवड्यात मी ताजीतवानी होते. तिच्या पांढऱ्या पेशी मात्र केमोनंतर आठवडा-दोन आठवड्यांत तळाला जायच्या, आणि त्या वर आल्या नाहीत तर पुढचा डोस लांबायचा. शिवाय मला वाटेल तेव्हा बस पकडून घरी येता येतं. उपमा इथेच राहू दे, आवाहनात नको.

गुरुवार

पैसे मागणं पळण्यापेक्षा जड जातं. मेसेज लिहायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. ऑफिसमधल्या एकाने सरळ विचारलं, "तू पळतेस म्हणून मी का द्यायचे? तुझ्या पळण्याने कुणाची गाठ विरघळणारे का?" रागावले नाही, कारण प्रश्न माझाही तोच आहे.

यावर अभ्यासही झालाय. ओलिव्होला आणि शफीर या दोघांनी 2013 मध्ये दाखवलं, की देणगीसाठी कष्ट किंवा वेदना सोसाव्या लागणार असतील तर लोक जास्त द्यायला तयार होतात. म्हणजे सोप्या सहभोजनापेक्षा दमवणारी शर्यत जास्त पैसे आणू शकते. विचित्र आहे, पण माणसं अशीच आहेत.

मला टेरी फॉक्स आठवतो. हाडाच्या कॅन्सरने 1977 मध्ये उजवा पाय गेला. 12 एप्रिल 1980 रोजी कृत्रिम पाय लावून तो कॅनडाच्या पूर्व टोकावरून पळत निघाला, रोज जवळपास एक मॅरेथॉन. देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर जमवायचा, एवढंच मागणं. 143 दिवस आणि 5,373 किलोमीटर झाल्यावर थंडर बेजवळ त्याला थांबावं लागलं; कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. देश ओलांडणं राहूनच गेलं. आणि तो थांबल्यावर आठवड्याभरात एका टीव्ही कार्यक्रमातून 1 कोटीहून अधिक डॉलर जमले. फेब्रुवारी 1981 पर्यंत आकडा 2 कोटी 41 लाखांवर गेला, कॅनडाच्या तेव्हाच्या लोकसंख्येइतका. जूनमध्ये तो गेला, 22 वर्षांचा होता.

पैसे किलोमीटरवर मोजले असते तर तिथेच मीटर बंद पडायला हवा होता. म्हणून 'प्रत्येक किलोमीटरमागे इतके द्या' हा पर्याय मी माझ्या पेजवरून काढून टाकला. द्यायचे तर सरळ द्या, मी पोचो न पोचो.

शनिवार

टेपर सुरू, म्हणजे शर्यतीआधीचे हलक्या सरावाचे दिवस. पळणं कमी, चिडचिड जास्त, भूक तेवढीच.

देणग्या येतायत. नावापुढे 'निनावी' लिहिलेल्या बऱ्याच आहेत. एका जुन्या ओळखीच्या बाईंनी लिंकबद्दल चकार शब्द न काढता रात्री फोन केला आणि त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणाबद्दल बराच वेळ बोलत राहिल्या. पैसे दिले की नाही, बघितलं नाही.

मावशीनेही दिले. मी म्हटलं, अगं, शर्यत तरी होऊ दे. "तू पाचव्या किलोमीटरला बसलीस तरी त्या लोकांना राहायला खोली लागणारच ना?" मग पावती अजून आली नाही म्हणून दहा मिनिटं बोलून घेतलं. उद्या संस्थेला मेल करायचाय.